मोगऱ्याच्या टोपलीजवळचा रेडिओ

मित्रांनो, माझं पाठीवरचं झाकण उंदरांनी कुरतडलं आहे आणि माझा हिरवा दिवा कधीच विझला आहे. तरी ऐका. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोललो, आज माझं बोलतो.

जन्म मुंबईच्या कारखान्यातला, पण संसार पाहिला तो अकोल्याच्या जुन्या शहरात. अठ्ठावन्न साली भगवंत माळ्याने मला बॅटरीसकट खांद्यावरून घरी आणलं. त्याच्या बायकोने, सत्यभामेने, मला हळदकुंकू लावलं. गल्ली अंगणात मावेना. "मानसावानी बोलते नं बाप्पा!" लोक म्हणाले. मी फुगलो. कौतुकाने कोण फुगत नाही?

या घरात हार दोघांचा असे. संध्याकाळी भगवंत मोगऱ्याच्या कळ्यांची जोडी लावून द्यायचा आणि सत्यभामा केळीच्या दोऱ्याने गाठ मारायची. ती हाताकडे पाहतच नसे. त्याच्या तोंडाकडे पाहत मळ्यातलं, बाजारातलं, माहेरच्या दर्यापूरचं बोलत राही. त्याची जोडी चोख असणार, हे तिची बोटं धरूनच चालत.

मी आलो आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळलं. भजन, बातम्या, नाटक, शेवटी नुसती खरखरसुद्धा!

"अवो, कोथिंबिरीले पानी सोडलं का?"

"चूप वं! दिल्लीच्या बातम्या चालू हायेत."

"मंग दिल्लीवाल्यालेच सांगा, तो सोडन पानी."

तो हसायचासुद्धा नाही. ती मग टोपलीशीच बोलायची. लोक म्हणतात, यंत्राने माणूस बिघडवला. साफ खोटं! माझा कान पिळायला माणसाचाच हात लागतो.

वैशाखात जठारपेठेतल्या केशवराव वकिलांकडे लग्न होतं. नवरानवरीचे हार यांच्याकडे. त्या संध्याकाळी दोन टोपल्या होत्या. एकीत ताज्या कळ्या, दुसरीत ओल्या फडक्याखाली कालच्या उरलेल्या. मी नाटक सांगत होतो. भगवंतचे डोळे माझ्यावर आणि हात कालच्या टोपलीत. सत्यभामेने नेहमीसारख्या न पाहता गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी ती लग्नघरून परतली ती भिंतीला टेकूनच बसली.

"मंगलाष्टकं संपाच्या आधी हार तांबडा पडला," ती म्हणाली. "भर मांडवात वकिलाची बायको मनकर्णाबाई म्हने, माळीन आंधळी हाय का? म्या मान खाली घातली."

भगवंतने ओलं फडकं उचललं; कालच्या कळ्यांची टोपली रिकामी होती.

"हार गेला तं जाऊ द्या. पन इतके दिवस तुमच्या हाताकडे न पाहता गाठ मारत आली मी. आता कशी मारू?"

ती ओरडली नाही. मला फोडलंही नाही. त्या संध्याकाळी तिने कंदील जवळ ओढला आणि त्याने दिलेली प्रत्येक जोडी उजेडात धरून पाहू लागली. एक पाहायची, मग गाठ. मी गात होतो. भगवंतला माझं गाणं ऐकू येईना; त्याला तो कंदीलच दिसत होता.

"काहून पाहून राहिली वं?"

"दिसते म्हनून."

तो उठला आणि त्याने माझा कान पिळून मला गप्प केलं. पुढे किती दिवस मी फडक्याखाली धूळ खात होतो. बाहेर तो तिला मळ्याचं, माहेरचं विचारायचा, ती तुटक बोलायची, कंदील जवळच असायचा. मग एकदा माहेरच्या म्हशीची गोष्ट रंगली. सांगता सांगता तिला हसू आलं, तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि न पाहताच गाठ मारली. भगवंतचा हात कळ्यांवर तसाच थांबला. त्याने कंदील हळूच मागे सरकवला.

"लावा आता तुमचा डबा," ती म्हणाली. "बातम्यापुरता."

"राहू दे. म्हशीचं सांग."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, तारा सांभाळा, हे सगळेच सांगतील. मी एवढंच मागतो: शेजारी आपलं माणूस बोलत असेल, तर माझा कान पिळा आणि मला गप्प करा. त्या संध्याकाळी फडक्याखालून मी ती म्हशीची गोष्ट ऐकली. इतकं चांगलं मला कधी बोलता आलं नाही.