मालकाचा रकाना

“मामा, मालकाचं नाव सांगा.”

“मालक असता तर एवढी निवांत झोपली असती का ती?”

ती म्हणजे लंगडी, जनावरांच्या दवाखान्याच्या अंगणातली म्हातारी कुत्री. मामा तिथले ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. स्टुलावर बसले की त्यांचा एक हात खाली सुटलेला असायचा आणि लंगडी हळूच त्याखाली डोकं आणून ठेवायची. अजून डोळे मिटले की ते अंगण दिसतं, पाण्याच्या तळाशी असल्यासारखं, हिरवट, संथ हलणारं.

मी तेव्हा दवाखान्याच्या नोंदी संगणकात भरायचा प्रोग्राम लिहीत होते. प्रोग्राममध्ये एकेक प्राणी म्हणजे गाठोडं असे: नाव, वय, दुखणं, आणि आतच कुठेतरी त्याचा मालक. पण संगणकातल्या टेबलात, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात, गाठोडं जसंच्या तसं मावत नाही. ते सोडून एकेक गोष्ट आपापल्या रकान्यात ठेवावी लागते. मालकांचं टेबल निराळं. आधी मालक तिथे जायचा, त्याला क्रमांक मिळायचा, आणि तो क्रमांक लावला तरच प्राण्याची ओळ आत जायची.

मोठ्या डॉक्टरांचा हुकूम होता, ज्याची नोंद नाही ते जनावर आज संध्याकाळच्या गाडीत. त्या गाडीतून गेलेलं कुणी परत आलं नव्हतं.

लंगडीची ओळ यंत्राने परत केली.

“तेवढा एक रकाना ठेव ना रिकामा,” मामा म्हणाले.

“नाही चालत. मीच तसं लिहिलंय.”

“मग बदल की, शहाणे!”

“मोठे डॉक्टर बदलू देतील होय?”

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर लंगडीचं पोट वरखाली होत होतं.

“माझं घाल.”

“पत्ता?”

“हाच. मागची खोली.”

आधी मालकांच्या टेबलात मामा गेले, मग त्यांच्या क्रमांकाला धरून लंगडी. संगणकाचा पडदा क्षणभर थबकला.

“घेतलं?”

“घेतलं.”

“बघ, बसल्या बसल्या मालक झालो! आता तरी माझं ऐकेल.”

लंगडीने एक डोळा उघडला आणि परत मिटला. गाडी तिला न घेताच गेली. पुढे ती पुष्कळ जगली, आणि एका दुपारी झोपेतच संपली.

मामा थकले तेव्हा त्यांना माणसांच्या इस्पितळात मीच नेलं. खिडकीतल्या मुलीने विचारलं, “नातेवाईक कोण?”

“कुणी नाही गं त्यांना.”

“काकू, हा रकाना रिकामा ठेवला तर मशीन पुढे जात नाही.”

“माझं घाल.”

“नातं?”

“भाची.”

पडदा क्षणभर थबकला, मग मशीनने घेतलं.

मी वरच्या वॉर्डात गेले तेव्हा मामा झोपले होते. एक हात कॉटवरून खाली सुटलेला, बोटं अर्धवट उघडी.