सतरा पॉइंट चार

मीटरवरचा तो आकडा बघितला की माझं डोकं फिरायचं. सतरा पॉइंट चार.

मोटारसायकल कुरिअरवाल्याची. बॅटरी चार्ज होत नाही म्हणून सोमवारी आमच्या गॅरेजात आणली. माझ्या धाकट्या भावाने तपासली, चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर जळालाय म्हणाला, नवा बसवला. मी मीटर लावला. चार्जिंग चौदा व्होल्टच्या आसपास हवं, ते सतराच्या वर. अशाने आठवड्यात बॅटरी उकळून गेली असती.

"अर्थिंग कच्चं ठेवलंयस," मी म्हणालो.

"दादा, घासूनपुसून लावलंय. आणि खरंच सतरा असते तर आत्तापर्यंत बल्ब उडाला असता. बघ की, कसा निवांत जळतोय."

"म्हणजे मीटर खोटा आणि तू खरा?"

हे गिऱ्हाइकासमोर बोललो, वर म्हणालो, जमत नसेल तर दुसरीकडे काम बघ. त्याने बघितलं. दोन गल्ल्या पलीकडच्या शोरूममध्ये, शनिवारपासून.

तेव्हापासून मी इरेला पेटलो. तो जायच्या आत चूक त्याचीच हे दाखवून द्यायचं होतं. खरं सांगायचं तर, दाखवून दिलं की तो मान खाली घालून थांबेल, असं मला वाटत होतं. वेडेपणाच सगळा. दुसरा रेग्युलेटर लावला, सतरा. तिसरा लावला, साडेसतरा. टाकी उतरवली, हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत वायरिंग सोललं, एकेक जोड तपासला. सगळं ठीक. इतकं ठीक की रडू यावं. पाना आपटला, कुरिअरवाल्याचे फोन कापले, बायकोवर उगाच खेकसलो.

शुक्रवारी दुपारी ती चहा ठेवायला आली आणि मीटरवर वाकली.

"हे कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह कसलं लुकलुकतंय?"

"कधीपासून?"

"मला काय विचारता? मीटर तुमचा."

शेल्फवरची कोरी बॅटरी काढली, तिला मीटर लावला. साडेबारा दाखवायला हवे होते, त्याने सोळा दाखवले. मीटरच्या पोटातला सेल संपत आला होता. सेल उतरला की मीटर आकडे चढवून सांगतो, हे मीच धाकट्याला कधीकाळी शिकवलं होतं. नवा सेल घातला, गाडी चालू केली. चौदा पॉइंट एक.

धाकटा मागच्या बाजूला आपले पाने पेटीत भरत होता. मी मीटर त्याच्यासमोर धरला, सेलचं सांगितलं. त्याने आकडा बघून मान हलवली. मग त्याने मी भंगारात भिरकावलेला आपला रेग्युलेटर उचलला, पुसला आणि फळीवर ठेवला.

"चांगला आहे. फेकू नकोस."

"मग आता कशाला जातोस?"

"आज सेल उतरलेला निघाला म्हणून मी खरा ठरलो, दादा. नसता निघाला तर?"

माफी मागायची होती, पण जीभ वळली नाही.

"उद्या किती वाजता जायचंय?" एवढंच विचारलं.

"नऊला," तो म्हणाला आणि त्याने पेटीची कडी लावली.