हिरव्या तुती

"एक तरी ठिवलाव का झाडाला?" रिकाम्या फांद्यांकडे बघत नीलाक्कांनी नवऱ्याला विचारलं.

गुरुपादप्पा नवं पांढरं धोतर नेसून परात सावरत होते. परातीत काळ्याभोर तुतींचा ढीग. "हिरव्या हायत की. पिकतील."

"शेजारच्या सौदाचं तोंड आलंय. भाकर गिळंना लेकरू. तुतीच तेवढी खाऊन राहिलंय."

"जिल्ह्याचे साहेब यायलेत. आन तुती माज्या पूजेच्या पाण्यावर वाढलीय."

"आन भांडी घासलेलं पाणी कोण वततंय? जिल्हा?"

मी उदगीरला शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. लातूर जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. जिल्हा मिळाला, पाणी कुठं मिळालं? विहिरीत नुसता गाळ. गुरुपादप्पा गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून तुतीच्या मुळाशी घालत, हे खरं. पण ते केवढं? ओंजळभर! झाड जगलं ते नीलाक्कांच्या खरकट्या पाण्यावर. गल्लीत कुणाचं तोंड येवो, घसा बसो, वाटी घेऊन माणसं त्यांच्याच दारात. सौदा म्हणजे भिंतीपलीकडच्या गोदावरीची चिमुरडी. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला, पोर दिवसभर नीलाक्कांच्या पदराशी.

स्वागतगीतासाठी मुलींना घेऊन मीही साहेबांच्या सत्काराला गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. साहेब पांढऱ्या सफारीत. परात पुढे आली तसे ते अंग चोरून मागे सरले.

"अहो, याचे डाग पडतात. बाजूला घ्या ते!"

म्हणाले आणि हातानं परात लोटलीच. अर्ध्या तुती गुरुपादप्पांच्या धोतरावर, अर्ध्या मातीत. लगेच साहेब गाडीकडे निघाले आणि अख्खा गाव त्या तुती तुडवत मागे धावला. पूजेचं पाणी पायदळी आलं तर पाप, मग त्या पाण्याची फळं? एकालाही काही वाटलं नाही. मला आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

संध्याकाळी गुरुपादप्पा मांडीवरचा जांभळा डाग घेऊन परसात आले. पिकल्या तुतीचा डाग हिरवी तुती चोळली की निघतो, हे आमच्या गल्लीत पोरंटोरंही जाणत.

"मूठभर हिरव्या तोड बरं."

नीलाक्का झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "त्या सौदाच्या हायत."

"आगं, नवं धोतर हाय!"

"असू द्या. डाग ऱ्हाऊ द्या. लोकायला दिसू द्या, लेकराच्या तोंडातलं काढून कुठं सांडलाव ते."

गुरुपादप्पांना उभ्या आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. मला माडीवरून टाळी वाजवावीशी वाटली.

सकाळी धोतर दोरीवर होतं, डाग रस्त्याच्या बाजूला. गुरुपादप्पांनी ते गुपचूप उलटं केलं. नीलाक्कांनी येऊन पुन्हा सुलटं केलं आणि आत गेल्या.

थोड्या वेळानं गुरुपादप्पा पूजा आटोपून पाणी घेऊन आले. झाडाखाली सौदा मान वर करून उभी होती. एक तुती नुकती लाल होऊ लागली होती.

त्यांनी पाणी मुळाशी घातलं. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "दोन दिस थांब, माय."

सौदानं नुसती मान हलवली. बोललं की तिचं तोंड झोंबत होतं.