खंडेनवमीला न पेटलेला जाळ

साहेब, तुमच्या जीपचा सायलेन्सर एक दिवस खडखडला, म्हणून तुम्ही एका बाईचा मळा वाळवला. हे मी तुमच्या तोंडावर सांगतो. मी लोखंडाचा आहे, मला बदलीची भीती नाही.

मित्रांनो, जानेफळच्या इंद्रभान मिस्त्रींचा जुना गॅस वेल्डिंगचा सेट तो मीच. एक पाण्याची टाकी, एक सिलिंडर, दोन रबरी नळ्या आणि पितळी टॉर्च, एवढाच माझा संसार. टाकीत कार्बाइडचे खडे पडले की गॅस होतो आणि टॉर्चच्या तोंडाशी निळा जाळ उभा राहतो. त्या जाळाने लोखंड सांधता येतं, कापताही येतं. वास मात्र माझा फार घाण. मिस्त्रींची बायको मंजुळाबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "याच्यापेक्षा सवत आणली असती तं परवडली असती. थे तरी आंघोळ करते!"

मिस्त्रींनी मला खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमधून जुनंच विकत आणलं. तिथे मी मोठी यंत्रं जोडली. इथे घराच्या पडवीत वखराची पास, सायकलचा सांगाडा, कढईचा कान असली कामं यायची. मला तीच जास्त आवडली. कढई घेऊन जाणारी बाई मला हात जोडून जायची. जिनिंगच्या मालकाने कधी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी झुंबरबाई बैलबंडीत मोट घालून आल्या. त्यांना नवरा नाही. मळ्यात कोबी आणि वांगी नुकती लावलेली. विहिरीत पाणी आहे, दारी बैल आहेत, पण पाणी वर काढायला ही एकच लोखंडी मोट. तिची खालची शिवण फाटली होती. वर येईपर्यंत सगळं पाणी परत विहिरीत.

मिस्त्रींनी खडूने चीर आखली. पण तोवर त्यांनी मला धुऊनपुसून पूजेच्या पाटावर मांडलं होतं. आमच्याकडे एकदा औजार पूजेला बसलं की दसरा होईपर्यंत उठत नाही.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पह्यलं काम तुमचंच, बाई."

"हाव भाऊ," झुंबरबाई म्हणाल्या. "सालभर जळते बिचारं. त्याले बी आराम पाह्यजे. तवरोक घागरीनं भागवीन."

खंडेनवमीला दुपारी मेहकरच्या तहसीलदार साहेबांची जीप आली. सायलेन्सर लोंबत होता.

"पेटव रे," साहेब म्हणाले.

"साहेब, आज पूजा हाये. परवा सकाळी करून देतो."

"मी कोण आहे, ठाऊक आहे का?"

तेव्हा मंजुळाबाई बोलून गेल्या, "काल झुंबरबाईले बी नाही म्हणलं, साहेब. आता तुमाले हो म्हणू, तं थे काय म्हणन?"

इथे चुकलं. सगळ्यांना एकच नियम आहे असं सांगितलं की माणूस शांत होतो, असं त्या भोळ्या बाईला वाटलं. साहेब भडकले ते याचमुळे. भाजी विकणाऱ्या बाईच्या मागे त्यांना उभं केलं होतं!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री टाकीत पाणी भरत होते, तेवढ्यात दोन शिपाई आले. घरात कार्बाइड ठेवायचा परवाना नाही म्हणे. इतकी वर्षं बाजारात ते उघड विकलं जात होतं, तेव्हा कायदा कुठे झोपला होता?

"एवढी मोट करू द्या, मंग न्या," मिस्त्री विनवत होते.

शिपाई कचरू गावचाच. त्याने मान वर केली नाही. "माह्या हातात असतं तं म्या नळी धरली असती, मिस्त्री."

माझ्या तोंडाला लाखेचं सील लागलं आणि मी चावडीच्या कोठडीत पडलो.

मिस्त्री मेहकरला साहेबांच्या कचेरीत खेटे घालू लागले. साहेब दौऱ्यावर. साहेब जेवायला. साहेब उद्या. लोहाराने मोटेला रिबिटा मारल्या, पाणी गळलं. डांबर लावलं, तेही सुटलं. कोठडीच्या गजांतून मला मळा दिसायचा. झुंबरबाई दिवसभर घागरी ओढायच्या. आधी त्यांनी कडेच्या वांग्यांचं पाणी तोडलं, मग निम्म्या कोबीचं. एकदा त्या गजांशी आल्या. "काऊन रे बाबा, तुले कोंडून ठेवलं? तुह्यी काय चूक?" म्हणाल्या. मोट सांधायची म्हणजे अर्ध्या तासाचं काम होतं. माझ्या अंगात जाळ होता, पण पेटवणारा हात बाहेर होता.

एका सकाळी त्यांनी मळ्याच्या कुंपणाची काटी बाजूला केली आणि वाळत्या कोबीत स्वतःचे बैल सोडले. बैल खात होते. त्या बांधावर पाठ फिरवून बसल्या होत्या.

मित्रांनो, औजार गंजतं तेव्हा एकटं गंजत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि साहेब, झुंबरबाई आता रोज सकाळी दुसऱ्याच्या वावरात मजुरीने तण निंदायला चावडीसमोरच्या याच रस्त्याने जातात. उद्या इथे उभे राहा. त्यांना थांबवा आणि त्यांचा गुन्हा काय होता ते सांगा. माझ्यादेखत सांगा. मी ऐकतोय.