भट्टीची ऊब

धाकटीची पावडर लावलेली फळी दुसऱ्यांदा भट्टीतून बाहेर आली, तेव्हा बेंचवाल्याने तिच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, ही बाकाची फळी आहे की खवणी?"

माणूस खवचट होता, पण खोटं बोलत नव्हता. शाळेच्या बाकाच्या त्या फळीवर निळा थर कसा गुळगुळीत बसायला हवा होता. बसला होता दाणेदार, हाताला टोचणारा. थोरलीने फळी उलटी करून भिंतीला टेकवली.

"परवा शेवटचं बघतो," बेंचवाला म्हणाला. "शाळा उघडायच्या आत मला माल हवाय. नाही जमलं तर मुकाट्याने फवारा मारून द्या."

"फवारा नाही!" धाकटी ताडकन म्हणाली. का, ते सांगतो. थोरलीचा, म्हणजे धाकटीच्या ताईचा, कोटिंगचा कारखाना. लोखंडी वस्तूंवर रंगाची कोरडी पावडर उडवायची, वस्तू भट्टीत घालायची, पावडर वितळली आणि घट्ट झाली की रंग पक्का. थिनर नाही, घाण वास नाही. पण भुसा दाबून केलेल्या फळीपाशी घोडं अडायचं. लोखंडाला सोसते ती आच फळीला सोसत नाही, तिच्या कडा फुटतात. म्हणून फळ्यांना फवाऱ्याने ओला रंग मारायचा. तो रंग दाजींनी, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, उभी हयात मारला, आणि छातीचं पार खोकं करून घेतलं. आता चार पायऱ्या चढले की दाजी बसतात. फवाऱ्याच्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. मग बाकांना रंग मारणार कोण? थोरलीने सरळ सांगून टाकलं होतं, "पावडर जमली तर ठीक, नाहीतर मी धरते फवारा. काम सोडून चालायचं नाही."

झालं! त्या दिवसापासून धाकटी हट्टाला पेटली. ती एका कंपनीत रेझिन बनवायची. रेझिन म्हणजे पावडरचा जीव. वितळतं तेही तेच आणि घट्ट होतं तेही तेच. थोड्या आचेवर शिजणारं रेझिन तिने कंबर कसून तयार केलं. दाजींची छाती गेली ती गेली, ताईची जाऊ देणार नाही, मग शेंडी तुटो वा पारंबी.

आणि गंमत बघा, प्रयोगशाळेत हीच पावडर फळीवर आरशासारखी बसायची. ताईच्या कारखान्यात आली की अंगात आल्यासारखी करायची. माशी शिंकत होती तरी कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कारखान्यात येऊन बसली. पावडर उडवायची गन खोलून पाहिली, अर्थिंग तपासलं, भट्टीची आच मोजली. सगळं जागच्या जागी. मग उरलेली पावडर चाळून घ्यावी म्हणून तिने खोक्यात हात घातला, तर हाताला खडे लागले. चिमटीत धरून दाबले, फुटेनात. आणि खोकं कोमट लागत होतं.

"ताई, हे खोकं कुठे असतं गं?"

"कुठे म्हणजे? पावडर असते तिथेच. भट्टीमागच्या कट्ट्यावर."

"तिथे कोणी ठेवलं?"

"मी!" दाजी खुर्चीतून म्हणाले, आणि कौतुक होणार म्हणून जरा ताठ बसले. "पावडर दमट झाली की गनमधून गचके खात येते. आपल्याकडे पहिल्यापासून रीत आहे, पावडर भट्टीच्या उबेला. त्यातून ही तुझी, म्हणून दर वेळी खोकं मी स्वतः नेलं. वाटेत दम खात खात नेलं, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. आता या माणसाला सांगायचं कसं? पण न सांगून चालणार नव्हतं.

"दाजी, त्या उबेनेच घात केला. जुनी पावडर निबर, तिला तिथे काही होत नाही. माझी मुळात थोड्या आचेवर शिजायला बनवलेली. ती खोक्यातच शिजायला लागली. अर्धी शिजलेली पावडर भट्टीत वितळून पसरणार कशी? तिचे दाणेच होणार."

दाजींचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे मीच मातीत घातलं सगळं."

"तुम्ही कशाला? मी 'जपून ठेवा' एवढंच म्हटलं. 'थंड जागी ठेवा' म्हणायला माझ्या तोंडाला काय झालं होतं? आमच्याकडे एसी असतो, मला वाटलं जगात सगळीकडे असतो."

"झालं दोघांचं?" थोरली कडाडली. "आता रडगाणं पुरे. पुढे काय करायचं ते बोला."

पुढे करायचं ते सोपं नव्हतं. चांगल्या पावडरचं एकच खोकं शिल्लक होतं, ते कंपनीत, आणि साहेबांनी हे काम बंद करायचं ठरवलं होतं. धाकटी तडक त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. सगळं ऐकून साहेब म्हणाले, "समजा यापुढे ताईंनी खोकं उबेला नाही ठेवलं. उद्या दुसरं गिऱ्हाईक भट्टीपाशी ठेवेल, त्याचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. पण धाकटी जागची हलली नाही.

"खोक्यावर हातभर अक्षरात लिहू. आणि रेझिनही सुधारू, ऊब सोसेल असं. पण आधी एक फळी तरी पास होऊ दे."

"ही प्रयोगशाळा आहे, तुझ्या ताईचं स्वयंपाकघर नव्हे. हे शेवटचं बरं का."

"शेवटचं म्हणा, काही म्हणा, पण खोकं द्या."

खोकं बर्फाच्या पेटीत बसून कारखान्यात आलं. दाजींनी ते आपल्या खुर्चीशेजारी, भट्टीपासून लांब ठेवून घेतलं आणि सकाळपासून राखण मांडली. कुणी जवळ फिरकलं की ओरडायचे, "लांब हो! तुझं अंग गरम आहे!"

ठरल्या दिवशी बेंचवाला आला तेव्हा थोरली फळी शेकून घेत होती, म्हणजे पावडर तिला नीट धरते. धाकटीने गन चालवली, फळी भट्टीत गेली. आच चढू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून काट्याकडे बघत राहिली.

"नाही जमलं तर आजच्या आज फवाऱ्याला लावा," बेंचवाला म्हणाला. थोरली भट्टीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

फळी बाहेर आली. धाकटीची आधी बघायची हिंमतच होईना. मग बघितलं, तर एक दाणा नाही, कडेला एक भेग नाही. तरी खरी परीक्षा पुढेच होती. रंग आतून पक्का शिजला नसेल, तर थिनरच्या फडक्याने सुटतो. दाजींना दूर दाराबाहेर पाठवून थोरलीने फडकं भिजवलं आणि फळीवर घासायला लागली. दंड भरून येईपर्यंत घासलं. फडकं पांढरं ते पांढरंच.

"काय झालं? अरे, कुणी तोंड उघडाल का?" दाजी बाहेरून ओरडले.

बेंचवाल्याने फळी उजेडात धरली, स्वतःचं तोंड पाहिलं, गालावरून हात फिरवला. "यात बघून दाढी होईल माझी. लावा सगळ्या फळ्या."

धाकटीने दाजींना ओरडून सांगितलं. मग थिनरचं फडकं बाहेर कुठे राहायला नको म्हणून ती फवाऱ्याच्या खोलीत टाकायला गेली. दार उघडलं आणि उभीच राहिली. फवारे नव्हते, पंप नव्हता, नळ्या नव्हत्या. नुसत्या रंग उडालेल्या भिंती.

"ताई, इथलं सामान कुठाय?"

"भंगारात दिलं. काल, तू साहेबांकडे गेली होतीस तेव्हा."

"अगं पण आज फळी नापास झाली असती तर?"

"तर पुन्हा केली असती."

"आणि बेंचवाला?"

"गेला असता. काम गेलं असतं." थोरली बाह्या वर सारत म्हणाली. "सामान डोळ्यांसमोर राहिलं असतं, तर एक ना एक दिवस मी फवारा धरलाच असता. मला मी ओळखते."

धाकटी तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रागाने रडायला लागली. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर गन धरताना तुझा हात थरथरला असता. चल, ऊठ आता. फळ्या शेकायला घ्यायच्यात."