कॉइलचं धुणं

शुक्रवारी सकाळी दुबईत लोक उशिरापर्यंत लोळतात, मॉलला जातात, नाहीतर गावी फोन लावून तासभर बोलत बसतात. मी कॉइल धुते. हसू नका.

कॉइल म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सुजीतच्या पेनातला गाभा. पेन लिहायचं नव्हे हो, विजेवरची सिगरेट. वर काचेची इवलीशी टाकी, तीत गोड वासाचं ज्यूस, आणि आत करंगळीच्या पेराएवढी, कापूस भरलेली कॉइल. कॉइल तापली की ज्यूसची वाफ होते आणि आमचे साहेब गॅलरीत कुकरसारखे वाफा सोडत उभे. आठवडाभरात कॉइलमध्ये काळी चिकट घाण बसते, ओढलं की करपट लागतं. नवी आणावी म्हटलं तर इथे ह्या वस्तू विकायलाच बंदी. माझा भाऊ चारुदत्त लंडनला असतो, तिकडून कोणी येणार असलं की त्याच्याबरोबर चार-पाच पाठवतो. "दोन आठवडे वापरायची आणि फेकायची," म्हणाला. फेकायची! आमच्याकडे श्रीखंडाचा डबासुद्धा फेकत नाहीत, त्यात रवा भरतात. मी त्यालाच धुवायची रीत विचारून घेतली. गरम पाण्यात बुडवायची, खळखळून काढायची, फुंकर मारायची, दिवसभर वाळवायची. दोन कॉइल आळीपाळीने. एक पेनात, एक वाटीत.

एवढा खटाटोप का, तर सुजीतच्या छातीत स्टेंट आहे आणि सिगरेट सुटावी म्हणून हे पेन. मागच्या वर्षी, एक्केचाळिसाव्या वर्षी बसवला. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं, आता सिगरेट ओढलीस तर मी जबाबदार नाही. म्हणजे डॉक्टर सुजीतशी बोलत होते, पण उत्तरं मी दिली. नेहमी मीच देते. "दिवसाला किती?" वीस. "दम लागतो?" लागतो, जिन्यावर. सुजीत बाजूला बसून मान हलवतो. त्याला बोलायला लावलं तर दवाखाना बंद व्हायची वेळ येईल.

हे सिगरेटचं खूळ २००९ मधलं. तोवर दिवसाला दोन-तीन ओढायचा. क्रॅश आला, क्रेन जागच्या जागी थांबल्या, आणि ह्याच्या कंपनीने एका सकाळी चाळीस जणांना "खलास" म्हणून सांगितलं. त्यात हाही. पण घरी येऊन बोलला का? अजिबात नाही! बावीस दिवस रोज टाय लावून, माझा डबा घेऊन बाहेर पडायचा आणि अल बर्शाला मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सिगरेटी फुंकायचा. मला कळलं ते तिसऱ्याच कोणाकडून. मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरची अजरा धावत वर आली. तेव्हापासून ती माझी मैत्रीण. पुढे त्याला अल कुसैसला नोकरी मिळाली, पगार कमी, पण मिळाली. बावीस दिवसांचं मात्र मी अजून विसरले नाही आणि त्यालाही विसरू देत नाही.

तर, कॉइल. तीन शुक्रवारांपूर्वी मी देवाची तांब्याची भांडी घासत होते. चिंचेचा कोळ आणि मीठ लावलं की कसा आरशासारखा तांब्या निघतो! बाजूला कॉइलची वाटी. मनात म्हटलं, हीपण धातूचीच की. दोन्ही कॉइल अर्धा तास चिंच-मिठात ठेवल्या, मग गरम पाण्यातून काढल्या. काय लखलखल्या म्हणून सांगू! सुजीतच्या नाकासमोर नाचवल्या. लंडनला फोन करून चारूला ऐकवलं, "तुमच्या गोऱ्यांना सांग, चिंच वापरा." संध्याकाळी कॉइल वाळल्यावर सुजीतने पेन ओढून बघितलं. त्याला ठसका लागला. "कशी आहे?" मी विचारलं. "छान," म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. एरवी चहासारखं काळं निघतं. त्यापुढच्या शुक्रवारीही स्वच्छ. मी अशी फुशारले की विचारू नका. चिंचेचा गुण, दुसरं काय!

मग ह्याच शुक्रवारची गोष्ट. अजरा कोथिंबीर मागायला वर आली. तिचा रफिकही हेच पेन ओढतो आणि तीही बिचारी कॉइल धुते. मी वाटी तिच्यापुढे धरली. "बघ, काचेसारखं पाणी."

अजराने वाटीत बघितलं, मग माझ्याकडे. ती खेडची, तोंडाची फटकळ. "वैभवी, धुतल्याने घाण निघते गो. साचायची थांबत नाही. रोज ओढली तर काळी होणारच. ही कोणी ओढलेलीच नाही."

"काहीतरीच काय!"

"मग ज्यूस बघ ना किती उरलंय."

ती कोथिंबीर घेऊन गेली आणि माझं चित्त थाऱ्यावर राहीना. सुजीत आंघोळीला गेला होता. मी कपाटातून ज्यूसची बाटली काढली. चिंचेच्या शुक्रवारी मीच टाकी भरली होती, तेव्हा ज्यूस लेबलवरच्या चित्रापर्यंत होतं. आजही चित्रापर्यंतच. मी बाटली उजेडात धरली, तिरकी केली, परत सरळ केली. ज्यूस काही खाली जाईना. मग वेलचीचा डबा आठवला. दिवाळीला भरलेला, महिन्याभरात तळ दिसतोय. मी आमच्या पोरीवर, ईश्वरीवर, डाफरले होते, चहात मूठमूठ घालतेस का म्हणून. सिगरेटच्या वासावर वेलची चघळतात, हे मला कळू नये?

जेवायला बसलो. सुजीतने दोनदा विचारलं, "बरं नाही का?" मी नुसती आमटी ढवळत राहिले. जेवण झालं, भांडी घासली, घासलेली परत घासली. गॅलरीत गेले, आत आले, परत गेले. स्टेंट बसवायला त्याला ज्याच्याआड नेलं तो हिरवा पडदा सारखा डोळ्यांपुढे येत होता. पाच वाजले आणि साहेबांनी चप्पल घातली. "गाडीवर धूळ बसलीय, पुसून येतो."

दार लागल्यावर मी ईश्वरीच्या खोलीत गेले. बारा वर्षांची आहे, कानात सदा वायरी. "बाबा रोज गाडी पुसतो का गं?"

तिने एक वायर काढली. "मॉम, बाबा स्मोक्स देअर. एव्हरी डे."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"बिकॉज यू'ल शाउट," ती म्हणाली आणि वायर परत कानात घातली.

मी टेबलावरचं पेन उचललं, लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही, तीन मजले तरातरा उतरले. आमच्या करामाच्या बिल्डिंगमागे वाळूचा मोकळा प्लॉट आहे, तिथे गाड्या लावतात. आमच्या गाडीला टेकून सुजीत उभा. हातात सिगरेट.

मग काय, तोंडाचा पट्टा सुटला. लाज नाही वाटत? पोरगी लग्नाची व्हायचीय अजून, मला विधवा करून मोकळा होणार आहेस का? बावीस दिवस फसवलंस ते कमी पडलं? मी इथे तुझ्या लाळेची नळी चिंचेने घासते आणि तू—

मी दम घ्यायला थांबले तेव्हा सुजीत हळूच म्हणाला, "तुझ्या हातातलं ते एकदा ओढून बघ."

"मी?"

"बघ तरी."

रागारागाने मी पेनाचं बटण दाबलं आणि ओढलं. आई गं! करपलेली आमटी, वर मीठ, वर गंजका खिळा. घसा सोलून निघाला, डोळ्यांतून पाणी आलं, मी वाळूत वाकून खोकत राहिले. चिंच त्या कॉइलच्या कापसात मुरली होती. कितीही गरम पाणी घातलं तरी निघाली नव्हती.

"पहिल्या दिवसापासून असंच आहे," तो म्हणाला. "दोन्ही कॉइल. तीन दिवस ओढून बघितलं."

"अरे, मग सांगायचं नाही का?"

"तू किती खूश होतीस. चारूला फोन लावलास." तो खाली बघत होता. "आणि सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मला माहीत होतं मी काय म्हणाले असते. इथे मी मर मर मरतेय आणि ह्याला चव लागते! अगदी असंच. आत्ताही ते जिभेवर आलं होतं. बावीस दिवस तो त्या पार्किंगमध्ये का बसला असेल, हे पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं, आणि मला माझीच भीती वाटली.

सुजीतने सिगरेट टाकली, चपलेने विझवली. मग एक हात गाडीच्या टपावर ठेवला. नोव्हेंबरचं गार वारं सुटलं होतं आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"वैभवी, ओरडू नकोस हं," तो म्हणाला. "छातीत जरा दुखतंय."

मी ओरडले नाही. त्याच्या खिशातून किल्ली काढली, त्याला बसवलं, गाडी काढली. वाटेत अजराला फोन करून म्हटलं, ईश्वरीकडे बघ. सिग्नलला गाडी थांबली की मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवत होते आणि दात घट्ट मिटून घेत होते.

इमर्जन्सीत त्याला लगेच कॉटवर घेतलं, छातीला वायरी लावल्या. नर्स कागद घेऊन आली आणि सवयीने माझ्याकडेच बघत तिने विचारलं, "मॅडम, दर्द कबसे है?"

आधे घंटे से, असं माझ्या ओठांवर आलेलं. तोंड उघडलंही होतं. सुजीतकडे लक्ष गेलं. तो माझ्याचकडे बघत होता, मी काय सांगते ते ऐकायला, मान हलवायच्या तयारीत.

मी तोंड मिटलं. त्याचा हात धरला. "तू सांग," मी म्हटलं. "मी काही बोलणार नाही."

त्याने नर्सकडे मान वळवली.

"आठ दिन से," तो नर्सला म्हणाला.