म्हसोबाची खोळ

जुनी वस्तू शोधायला निघाले की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, असं घरचे म्हणतात. म्हणोत. जळोचीत माझी छोटी फाउंड्री आहे. नमुना आणून दिला की त्याची जुळी वस्तू ओतून देणं हा माझा धंदा. पिंपळीच्या दिग्विजयला हवी होती त्या वस्तूचा मात्र नमुनाच कुठे उरला नव्हता.

त्याने भंगारातून जुन्या छोट्या रेल्वेचे दोन डबे आणले होते. पेरूच्या बागेत रूळ टाकून त्यांतून पोराबाळांना फिरवायचं, अक्षय तृतीयेला सुरुवात. गावभर आमंत्रणंही गेली होती. पण डबे एकमेकांना जोडायचे कसे? एका डब्याच्या तोंडात आडवी पिन शाबूत होती. दुसऱ्या डब्यातून येऊन त्या पिनीवर वरून बसणारा हुक गायब होता. घोडा आहे, नाल नाही, अशी गत.

बारामतीतली भंगाराची दुकानं मी पालथी घातली, मग इंदापूर गाठलं. बाजारात एकाने सांगितलं, पूर्वी उसाच्या ट्रॉल्या अशाच रुळांवरून जायच्या. त्या अंगाला गोजरबाईंची वस्ती आहे, विचारून बघा. एकेकाळी मेंढरं राखणारं घर, आता भाजीपाला पिकवतात. गोजरबाई वांगी तोडत होत्या. मी बांधावरच्या म्हसोबाला हात जोडले आणि ते जोडलेलेच राहिले. अंगभर शेंदराची जाड खोळ, चांदीचे डोळे, पुढे झुकलेलं नाक. आणि कमरेपाशी आरपार भोक, त्यात घंटेची दोरी. देवाच्या कमरेला भोक कशाला?

"मावशी, हा रेल्वेचा हुक आहे!" मी ओरडलेच.

"म्हाईत हाय," गोजरबाई म्हणाल्या. "सासऱ्यानं आणला व्हता. मी लगीन करून आले तवा त्यो देव झाला व्हता. आतलं लोखंड मी बी कधी बघितलं न्हाय."

त्यांच्या मुलाने, शंभूराजने, तेवढ्यात माझ्याच फोनवरून दिग्विजयला शब्द देऊन टाकला. "कॉपी जमली तर बरं. न्हाय जमली तर ह्योच घिऊन जावा. आमी हितं दगड बसवू." गोजरबाईंनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

मी खोळीवरूनच मापं घेतली, जाडीचा अंदाज वजा केला आणि हुक ओतला. पिंपळीत तो पिनीवर अर्ध्यातच अडकला. नाकाखालचं वळण शेंदरात बुजलेलं, तिथेच माझा अंदाज फसला होता. वस्तीवर परत जाऊन जरा खरवडू द्या म्हटलं, तर गोजरबाई उसळल्या, "देव सोलत्यात व्हय गं कुठं?"

दुसऱ्या दिवशी दिग्विजय पिकअप घेऊन आला, शंभूराज पहार घेऊन. मला असा संताप आला! माझ्या चुकीपायी म्हाताऱ्या बाईचा देव उपटला जाणार होता. मी आडवी गेले. तेव्हा गोजरबाई उठल्या.

"थांबा. खोळ मी काढते. पर माझ्याबिगर त्याला उगडं कुणी बघायचं न्हाय. फिरा तिकडं."

आम्ही तिघं उसाकडे तोंड करून उभे राहिलो. मागे कोमट तेलाचा वास, हलकी ठकठक, गोजरबाईंचं पुटपुटणं. मान वळवळत होती माझी. महिनाभर जे पाहायला वणवण फिरले, ते पाठीमागे चार हातांवर होतं. तापलेल्या भट्टीपुढे उभं राहणं सोपं, हे अवघड. पण नाही वळले.

"घे," म्हणून खांद्यावरून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आलं. खोळीचे दोन अर्धे. वरून देव, आणि आतून लोखंडाचं वळणन् वळण उमटलेलं. मी आनंदाने उड्या मारायचीच बाकी होते. गोजरबाईंनी "आता बघा" म्हटलं तोवर म्हसोबा नव्या शेंदरात न्हाऊन बसला होता.

खोळीत प्लास्टर भरून आकार काढला. त्यावरून सागवानी नमुना केला, चिमूटभर मोठा, कारण ओतीव लोखंड थंड होताना आकसतं. मग हुक पुन्हा ओतला. खोळ गोजरबाईंना परत दिली, त्यांनी ती नदीत सोडली.

अक्षय तृतीयेला गोजरबाई शंभूराजबरोबर पिंपळीला आल्या. डबे ढकलले. हुक उचलला गेला, पिनीवरून सरकला आणि खट्कन बसला. दिग्विजयने शिट्टी मारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र गोजरबाईंकडे बघत होते. दोन्ही हुक पाहिलेलं माणूस जगात एकच होतं.

त्या वाकल्या. नाकावरून हात फिरवला, मग नाकाखालच्या वळणातून.

"मावशी, जमलं का?"

त्यांचे डोळे भरून आले होते. "त्योच हाय," त्या म्हणाल्या. मग घाईघाईने पदर ओढून त्यांनी हुक झाकला आणि जमलेल्या सगळ्या लोकांवर डाफरल्या, "आन तुमी टकामका काय बघताय? फिरा तिकडं!"

दिग्विजयसकट सगळी माणसं पेरूच्या झाडांकडे तोंड करून उभी राहिली. मीसुद्धा.